जुनी पैठणी की तिच्यासारखी नवी?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या रेशमी वस्त्रांविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे पैठणीविषयीच निघाली आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता, तो म्हणजे जुनी नेसावी, जुनी विकत घ्यावी, की जुनीसारखी नवी विणून घ्यावी. म्हणून या वेळचा सगळा मजकूर पैठणीलाच दिला आहे.

प्रश्न : आमच्या घरात माझ्या आजेसासूबाईंची नऊवारी पैठणी आहे. ती १९३५च्या सुमारास त्यांच्या लग्नात घेतलेली, असे घरात सांगतात. अंग जांभळे, काठ नारळी आणि पदर भरजरी आहे. मार्गशीर्षात माझ्या मुलीचे लग्न आहे आणि हीच साडी नेसून बोहल्यावर उभे राहायचे असा तिचा हट्ट आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की जुने वस्त्र ऐन वेळी दगा देते, त्यापेक्षा येवल्याहून तशीच नवी आणावी. दोघींचेही मन मोडायचे नाही. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातून साडीचे वय, रंग आणि तिच्याविषयीची माया कळते; तिची प्रकृती मात्र कळत नाही, आणि निर्णय तर प्रकृती पाहूनच करायला हवा. नव्वद वर्षांची पैठणी नेसण्याजोगी असू शकते आणि चाळीस वर्षांची नसूही शकते. घाम न सुकवता घडी घातलेली, वर्षानुवर्षे त्याच घडीवर दाबून ठेवलेली किंवा काचेच्या कपाटात उजेडात राहिलेली साडी लवकर जीर्ण होते. मलमलीत गुंडाळलेली आणि अधूनमधून घडी मोडलेली साडी आश्चर्य वाटावे इतकी टिकते.

म्हणून आधी साडी तपासा. दिवसाच्या उजेडात, पण उन्हात नव्हे, पलंगावर किंवा सतरंजीवर पांढरी स्वच्छ चादर अंथरा आणि दोघींनी मिळून साडी तिच्यावर आडवी पसरा. पदर धरून साडी उचलू नका, दोरीवर टाकू नका. सर्वांत आधी घडीच्या रेघा पाहा, कारण रेशीम तिथे प्रथम मोडते. रेघेवर एका दिशेचे धागे तुटून दुसऱ्या दिशेचे तेवढे उरले असतील, तर ती जागा वाळलेल्या केळीच्या पानासारखी झालेली असते आणि नेसताना पडणाऱ्या पहिल्या ताणालाच ती उलगत जाते. नंतर पदर आणि अंग जिथे जुळतात ती जागा पाहा. पदरातल्या जरीचे सगळे वजन तिथल्या बारीक रेशमावर येते आणि जुन्या पैठण्या सर्वाधिक तिथेच फाटलेल्या आढळतात. साडी उचलून ठेवल्यावर चादरीकडेही लक्ष द्या. तिच्यावर साडीच्या रंगाचा बारीक भुगा किंवा तुटक्या धाग्यांचे तुकडे पडलेले दिसले, तर रेशीम मोडू लागले आहे असे समजावे आणि नेसण्याचा विचार तिथेच सोडावा. ओढून, ताणून ताकद पाहण्याचा मोह मात्र होऊ देऊ नका. त्या परीक्षेत साडी नापास झाली तर परीक्षेनेच ती फाटलेली असते.

आपली साडी जांभळी आहे म्हणून थोडे निश्चिंत राहता येईल. हाच प्रश्न काळ्या चंद्रकळेविषयी असता तर मी अधिक सावध उत्तर दिले असते. पूर्वी काळा रंग बहुधा हिरड्यासारख्या तुरट द्रव्यात लोहाचे क्षार मिसळून साधत असत, आणि ते लोह कालांतराने रेशमाचा धागाच खाऊ लागते. एकाच साडीतला लाल काठ धडधाकट आणि काळे अंग मात्र हात लावताच विरणारे, असे दिसते ते यामुळेच.

आता लग्नाचा विचार करू. नऊवारीचा काष्टा मागे खोचला, की पाठीमागे आणि मांड्यांवर कापड सतत ताणलेले राहते. त्यात पाटावर मांडी घालून बसायचे, उठायचे, सप्तपदीत चालायचे. समोर होमाच्या ठिणग्या, अंगावर हळदकुंकवाचे डाग, गळ्यात ओला हार, दाटीमुळे येणारा घाम, खांद्यावर पदराला टोचलेल्या पिना आणि मनगटावर फवारलेले अत्तर. यांतली प्रत्येक गोष्ट जुन्या रेशमाला किंवा जरीला बाधते, आणि लग्नात त्या सगळ्या काही तासांत एकत्र येतात. साडी तपासणीत उत्तम ठरली तरी मुहूर्ताला आणि होमाला नवीच नेसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी सुस्थितीत असेल तर सीमांतपूजनाच्या वेळी तासाभरापुरती, काष्टा न ताणता, सैलसर नेसावी. खांद्यावर पिन लावू नये, पदर हातावर घ्यावा, आणि अत्तर व केसांवरचा फवारा साडी अंगावर चढण्यापूर्वीच मारून सुकू द्यावा. समारंभ झाल्यावर लगेच घडी घालू नये. रात्रभर चादरीवर सावलीत पसरून ठेवावी, म्हणजे अंगाचा ओलावा निघून जातो.

साडी नेसण्याजोगी नसेल तर तिला रुखवतात मानाची जागा द्या. मेजावर पांढरे कापड घालून पदर सपाट पसरावा, वर दिव्याचा झोत नसावा आणि शेजारी कुणाची, कधीची, कुठे नेसलेली एवढे लिहिलेला कागद ठेवावा. आजेसासूबाईंचा त्या साडीतला फोटो असेल तर तोही मांडा. मुलीला हे पटेल असे वाटते, कारण तिला ती साडी लग्नात हवी आहे आणि अशा रीतीने ती लग्नात असेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. हाताने भरलेल्या दाट पदराची पैठणी मागावर कित्येक महिने असते. साधा पदर आणि तुरळक बुट्टे असतील तरी महिना-दीड महिना सहज जातो. हुबेहूब तशीच विणून घ्यायची असेल आणि मार्गशीर्ष जवळ आला असेल, तर विणकरावर घाईचे ओझे टाकू नका. त्याच्याकडे तयार असलेल्यांतली रंगाने आणि काठाने जवळची निवडा.

प्रश्न : एका प्रदर्शनात मला एक पैठणी दाखवण्यात आली. विक्रेत्याच्या सांगण्यानुसार ती पेशवाईतली आहे आणि एका सरदार घराण्यातून आली आहे. साडी सहावारी, गडद राणी रंगाची, पदरावर मोर आणि सोबत त्याच कापडाचा ब्लाउजपीस आहे. जर कुठेकुठे काळवंडलेली आहे. नव्या हातमागाच्या पैठणीच्या तिप्पट किंमत सांगतात. घ्यावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घेऊ नये. निदान पेशवाईतली म्हणून तर नक्कीच घेऊ नये.

आपल्या वर्णनातच पुरेसा पुरावा आहे. पेशवाई १८१८ साली संपली आणि पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या हाती १८५६ साली लागला. झगझगीत जांभळे आणि राणी रंग त्यानंतरच्या दशकांत आपल्याकडे रुळले. त्याआधी लाल-गुलाबी छटा लाख, मंजिष्ठा, कुसुंबा यांतून मिळत आणि त्यांची जात निराळी, जरा मातकट किंवा उबदार असे. राणी रंग खरोखर रासायनिक आहे हे प्रयोगशाळाच छातीठोकपणे सांगेल, पण तसा तो असेल तर साडी पेशवाईतली असणे शक्य नाही. दुसरे असे, की त्या काळी महाराष्ट्रात नेसण्याचे वस्त्र प्रामुख्याने नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपासचे होते. जुनी नऊवारी कापून कुणी सहावारी केलेली असू शकते, पण साडीबरोबर सलग विणलेला ब्लाउजपीस ही सरळसरळ अलीकडच्या काळाची सोय आहे. मोरावरून काहीच ठरत नाही, कारण मोर तेव्हाही होते आणि आजही सर्वाधिक खपतात ते मोरच.

राहता राहिली काळवंडलेली जर. लोकांना ती वयाची खूण वाटते, पण चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळी पडते आणि दमट हवेत पाच-दहा वर्षांतही पडू शकते. उलट चांगला सोन्याचा मुलामा असलेली जर शंभर वर्षांनंतरही उजळ दिसते. म्हणून जर किती काळी आहे हे न पाहता ती कशाची आहे ते पाहावे. जुन्या अस्सल जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चपटी केलेली चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. बाजारात ‘टेस्टेड’ म्हणून मिळणाऱ्या जरीत तार तांब्याची असून वर चांदीचा पातळ थर असतो, त्यामुळे घासल्या जागी तांबूस दिसते. त्याहून स्वस्त जर म्हणजे चकाकणाऱ्या प्लास्टिकची पट्टी. सोन्याची शुद्धता तपासणारे क्ष-किरणांचे यंत्र आता अनेक सराफांकडे असते आणि त्याखाली पदराचे टोक धरले तर एकही धागा न तोडता चांदी किती आणि तांबे किती ते कळते. मोठी रक्कम मोजण्यापूर्वी एवढी मागणी करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. त्याला विक्रेत्याने नकार दिला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

यापुढे जुनी म्हणून दाखवलेली कोणतीही पैठणी हातात आली, तर पदर उलटा करून पाहा. हाताने भरलेल्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपापल्या नक्षीपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या किंवा जरीच्या धाग्याला अडकतो आणि तिथूनच माघारी वळतो. त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. भिंग धरले तर पोपटाच्या लाल चोचीची कड जरीला जिथे भेटते तिथली ती गुंतवण एकेक धाग्यात पाहता येते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवर, काढलेल्या नक्षीत मात्र जादा धागे मागून लांबच लांब वाहत जातात किंवा कापून टाकल्यामुळे पाठीमागे लव राहते. ज्याला आपण सेमी पैठणी म्हणतो ती बहुधा अशी असते. मात्र इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हातमागावरही जॅकार्ड चढवता येते, त्यामुळे ‘हातमाग’ एवढ्याच शब्दाने नक्षी हाताने भरलेली आहे असे ठरत नाही.

खरी झीज कुठे असते हेही पाहा. नेसलेल्या साडीची झीज कधीच सारखी नसते. पायाशी घासणारा काठ विरतो, कमरेपाशी कापड चुरगळून विटते, घडीच्या बाहेरच्या कडेला रंग उडतो आणि आत तोच रंग गडद राहतो. सगळ्या साडीवर एकसारखी मलूलता असेल, जणू ती चहाच्या पाण्यातून काढली आहे, तर ती मुद्दाम आणलेली असू शकते.

खोटे जुनेपण विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आणि तो केवळ ग्राहक फसतो म्हणून नव्हे. ज्या विणकराने ती नवी साडी विणली त्याचे नावही या व्यवहारात पुसले जाते. आपण पाहिलेली साडी हाताने भरलेली असेल आणि आपल्याला आवडली असेल, तर नवी म्हणून, नव्याच्या किमतीत जरूर घ्या.

प्रश्न : आईची राघू रंगाची पैठणी नेसण्यापलीकडे गेली आहे. तिच्याबरहुकूम नवी विणून घ्यावी अशी इच्छा आहे. विणकराला नेमके काय सांगावे? आणि अशी नक्कल करवून घेणे योग्य का, अशी शंकाही मनात येते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : शंका मनातून काढून टाका. येवल्याच्या आणि पैठणच्या मागांवर आसावली, नारळी, बांगडी मोर ही नक्षी पिढ्यान्‌पिढ्या पुन्हापुन्हा विणली गेली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोचली. आपल्या आईची साडीही तिच्याआधीच्या कुठल्यातरी साडीवरूनच विणलेली होती. प्रामाणिक प्रतिकृती ही परंपरेची रीतच आहे.

नव्या साडीचा विणकर ठरवताना छायाचित्रावर विसंबून राहू नका. शक्य असेल तर जुनी साडी, किंवा निदान तिचा पदर, नीट गुंडाळून सोबत न्या आणि विणकराच्या समोर पसरा. त्याची नजर जे पाहील ते फोटोत येत नाही. तो भिंगाने एका इंचातले धागे मोजील, काठाची रुंदी मोजील आणि नक्षी आलेखाच्या कागदावर उतरवून घेईल. पुढे विणताना हाच कागद ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, खाली ठेवून, त्यावर नजर ठेवत, छोट्या छोट्या कांड्यांनी एकेक रंग भरला जातो.

रंगाची गोष्ट नाजूक आहे. आज आपल्याला दिसणारा हिरवा हा आईच्या लग्नातला हिरवा नाही. काठाच्या मुडपलेल्या कडेत किंवा घडीच्या अगदी आतल्या बाजूला, जिथे उजेड पोचला नाही, तिथे मूळ रंग सापडतो. नवी साडी त्या मूळ रंगाची हवी की आताच्या विटलेल्या रंगाची, हे आपण ठरवून सांगायला हवे. मी मूळ रंगाच्या बाजूचा आहे. वयाने आलेला मऊपणा रंगाऱ्याच्या हंड्यात तयार करता येत नाही, आणि केला तर तो नकली वाटतो. नव्या साडीला तिचे तिला वय येऊ द्यावे.

त्यानंतर विणीचा प्रकार ठरवा. जुन्या साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा असून, उजेडात हलवल्यावर दोन छटा खेळत असतील, तर नुसता रंग जुळवून काम होणार नाही, दोन्ही रंग वेगवेगळे सांगावे लागतील. काठाचा रंग अंगापेक्षा निराळा आणि काठ व अंग यांची सीमा स्वच्छ असेल तर ती कडियल वीण असते. तिला काठांसाठी आणि अंगासाठी आडवा धागा नेणारे वेगळे धोटे लागतात, म्हणून ती एकधोटी साडीपेक्षा वेळखाऊ आणि महाग असते. पैसे वाचवायचे म्हणून एकधोटी विणून घेतली तर साडी सुंदर होईल, पण आईच्या साडीसारखी होणार नाही.

वजनाचाही अंदाज ठेवा. जुने रेशीम बहुधा बारीक असे, आणि आज मिळणारे सूत व जर जाड असली तर नवी साडी हातात जड लागते. बारीक सूत मागितले तर विणकर ते आणू शकतो, पण वेळ आणि किंमत दोन्ही वाढतात. जर अस्सल हवी, टेस्टेड हवी की साधी हवी, हे आधीच बोलून घ्या. अस्सल जरीने किंमत फार वाढते. माझा सल्ला असा, की मर्यादित पैशात निवड करायची वेळ आली तर टेस्टेड जर घ्यावी आणि हाताने भरलेली नक्षी सोडू नये. जर डोळ्यांना दिसते हे खरे, पण पैठणीला पैठणीपण येते ते त्या गुंतवलेल्या नक्षीमुळेच. हे सगळे, म्हणजे रेशमाची जात, जरीचा प्रकार, वीण, पदराची लांबी, मुदत आणि किंमत, एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. वर्षभर चालणाऱ्या कामात तोंडी बोलणे दोघांनाही अडचणीत आणते.

शिक्क्यांविषयी थोडे सांगतो, कारण त्यांचा अर्थ अनेकदा ताणला जातो. ‘सिल्क मार्क’ म्हणजे रेशीम शुद्ध आहे एवढेच. जर कशाची किंवा नक्षी कशी भरली याविषयी तो काही सांगत नाही. ‘हँडलूम मार्क’ कापड हातमागाचे असल्याचे सांगतो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि ते येवला-पैठणच्या परंपरेशी जोडलेले आहे. हे तिन्ही उपयोगी आहेत, पण पदर उलटा करून पाहण्याची जागा त्यांतला एकही घेत नाही.

आणखी एक आग्रह. पदराच्या टोकाशी, जिथे दशा सुरू होतात तिथे, साल आणि विणकराचे नाव बारीक अक्षरांत विणून घ्या. येवल्यात पदरावर नाव विणून देणारे विणकर आहेत. पन्नास वर्षांनी आपल्या नातीला दोन सारख्या साड्या मिळतील, तेव्हा कोणती कुणाची हे तिला कुणाला विचारावे लागणार नाही.

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था एक जुने संगीत नाटक करणार आहे. एका सभासदाने घरातल्या तीन जुन्या पैठण्या वापरायला देऊ केल्या आहेत. अस्सल वस्त्रे रंगमंचावर शोभतील ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : त्या कृपया आभारपूर्वक परत करा. दिव्यांची उष्णता, मेकअपचा तेलकट रंग, विंगेतली घाईची वेशांतरे आणि कोकणातला घाम यांपुढे जुने रेशीम एका प्रयोगातही संपू शकते. बालगंधर्वांच्या काळी रंगभूमीवर उंची शालू-पैठण्या मिरवल्या हे खरे. पण त्या तेव्हा नव्या होत्या. यंत्रमागाच्या सेमी पैठणीचे खरे काम अशा ठिकाणीच असते. पाचव्या रांगेतून विणीचा फरक कुणाला दिसत नाही, काठाची रुंदी आणि रंग मात्र दिसतात. म्हणून रुंद काठाच्या, फार न चकाकणाऱ्या जरीच्या साड्या निवडा. नवी प्लास्टिकची जर दिव्याखाली पांढरी मारते, तेवढे दिव्यांसह तालमीत पाहून घ्या. सभासदाच्या पैठण्यांचा उपयोग करायचाच असेल तर रंग आणि काठ जुळवण्यासाठी त्या नमुना म्हणून एकदा पाहून घ्या.

प्रश्न : आजीच्या पैठणीचे अंग जागोजागी फाटले आहे, पण काठ-पदर शाबूत आहेत. शिंपी म्हणतात, काठ-पदर उतरवून नव्या रेशमावर लावून देतो. मुलगी म्हणते, पदराचे जॅकेट शिवू. मला दोन्ही पटत नाही आणि कपाटात कुजू देणेही पटत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकेकाळी जुनी जर विकत घेणारे दारोदार फिरत. त्यांना दिलेल्या साड्या जाळून त्यांच्यातली चांदी काढली जाई. कित्येक घरांतल्या उत्तमोत्तम पैठण्या अशा रीतीने गेल्या, आणि त्यांतल्या अनेक तर आपल्या आजीच्या साडीपेक्षा चांगल्या स्थितीत होत्या. तेव्हा जी उरली आहे तिच्याविषयी आपल्याला वाटणारी घालमेल योग्यच आहे.

काठ-पदर नव्या अंगावर चढवणे ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि तिला मी सरसकट नाव ठेवणार नाही. अडचण अशी, की नवे रेशीम बळकट असते आणि नेसताना पडणारा सगळा ताण ते शिलाईच्या रेघेवर, म्हणजे जुन्या काठावर ढकलते. सुईने पाडलेल्या भोकांच्या ओळीत जुना काठ फाटू लागतो. करायचेच असेल तर आधी काठ-पदराच्या मागे मऊ, पातळ रेशमाचे अस्तर हाताने, विरळ टाक्यांनी लावून घ्यावे आणि ते अस्तर नव्या अंगाला जोडावे, म्हणजे ताण अस्तरावर येतो. यंत्राची शिलाई आणि इस्त्रीने चिकटणारे कॅनव्हास दोन्ही वर्ज्य समजावीत. शिंप्याला हे मान्य नसेल तर दुसरा रफूगर शोधावा.

जॅकेटच्या बाबतीत मात्र माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. कोपर, खांदा आणि बगल इथे कापडाला सर्वाधिक त्रास होतो, आणि पदराची कात्री लागलेली नक्षी पुन्हा एक होत नाही. मुलीला जॅकेट हवे असेल तर त्यासाठी नव्या पैठणीचे कापड मिळते, हाताने भरलेल्या पट्ट्याही मिळतात. जुन्या पदराला स्पर्श करण्याची गरज नाही.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो. पदर आणि काठाचा एक तुकडा अंगापासून न कापता, फाटलेले अंग आत मुडपून, पांढऱ्या धुतलेल्या मांजरपाटाच्या अस्तरावर टाचून ठेवायचा. साडी पूर्ण राहते, पाहता येते आणि उद्या कुणाला तिच्याबरहुकूम विणायची झाली तर पूर्ण नमुना हाताशी असतो. चौकटीत लावायची असेल तर काच कापडाला टेकू देऊ नका आणि भिंत उन्हाची नसावी. कापड फारच नाजूक असेल तर घरी काही न करता संवर्धकाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचे केंद्र आहे.

प्रश्न : पणजीची पैठणी माझ्या वाट्याला आली आहे. ती १९१०च्या आधीची आहे, असे पणजीच्या लग्नाच्या सालावरून दिसते. मी न्यू जर्सीत राहते. पुढच्या महिन्यात भारतात येईन तेव्हा ती सामानात घालून आणावी असा विचार आहे. इथे कशी जपावी?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : जपण्याआधी आणण्याचा प्रश्न आहे. पुरावस्तू आणि अमूल्य कलाकृतींविषयीच्या १९७२च्या केंद्रीय कायद्यानुसार, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आणि शंभर वर्षांहून अधिक जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ती आपल्या घरची आहे, विकायची नाही, या कारणाने सूट मिळत नाही. एखादी वस्तू पुरावस्तू आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. म्हणून ती सामानात घालण्याआधी सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून लेखी निर्णय घ्यावा. विमानतळावर अडवणूक झाली तर सर्वाधिक हाल साडीचे होतील. वरच्या साताऱ्याच्या पत्रातल्या साडीला ही अडचण नाही, कारण तिची शंभर वर्षे अजून भरलेली नाहीत.

नकार मिळाला तर साडी भारतातल्या कुणा जबाबदार नातेवाइकाकडे राहू द्या, किंवा आपली इच्छा असेल तर वस्तुसंग्रहालयाला देण्याचा विचार करा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्था अशी वस्त्रे सांभाळतात. आपण तिकडे न्यायला प्रतिकृती विणून घ्यावी. पुण्याच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्यालाही लागू आहे, आणि ती साडी आपण दिवाळीला, मंडळाच्या कार्यक्रमांना बिनधास्त नेसू शकाल.

साडी कुठेही राहिली तरी ठेवण्याची रीत एकच आहे. रुंद पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेले, खळ नसलेले सुती कापड गुंडाळावे आणि मग साडी सैल गुंडाळावी. नळी मिळाली नाही तर प्रत्येक घडीत सुती कापडाची जाड वळकटी ठेवावी, म्हणजे रेघ पडत नाही. प्लास्टिकची पिशवी आणि वर्तमानपत्राचा कागद टाळावा. डांबराच्या गोळ्या जरीला लागून ठेवू नयेत. वेखंडाची पुरचुंडी चालते, पण तीही कापडाला न टेकता कपाटाच्या कोपऱ्यात. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, साडी उघडून वाऱ्यावर सावलीत पसरावी. ऊन देण्याची आपल्या घरांतली सवय सुती गाद्यांसाठी ठीक आहे, रेशमासाठी नाही. अमेरिकेतल्या हिवाळ्यात तापवलेल्या घराची हवा फार कोरडी होते आणि कोरडे रेशीम घडीवर लवकर मोडते, म्हणून तिथे नवी पैठणीसुद्धा हीटरच्या झडपेपासून दूर, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा आणि घडी दर तीन-चार महिन्यांनी बदला.